हाडांची ठेव आणि पोटाचं डायलिसिस



आम्ही नवी मुंबईच्या कोळीवाड्यांमध्ये आणि पनवेल-उरणच्या गावांमध्ये बचत गटांचं काम बघतो. बैठकीत बचत, कर्ज, परतफेड, हिशेब हे विषय होतातच. पण आपल्या दशसूत्रीत आरोग्याचंही एक सूत्र आहे, आणि आजकाल आरोग्याचा विषय निघाला की कुणीतरी डायलिसिसचं नाव काढतंच. कुणाचे सासरे, कुणाची जाऊ, कुणी स्वतः. साखर आणि बीपी घराघरांत शिरलेत, आणि मूत्रपिंडं निकामी होण्याची हीच दोन मोठी कारणं आहेत.

डायलिसिस म्हटलं की आपण रक्त, पाणी, सूज, पैसे यांचा विचार करतो. हाडांचा विचार कुणी करत नाही. म्हणून आज तेवढंच बोलायचं ठरवलंय: घरी पोटाचं डायलिसिस करणाऱ्या माणसाची हाडं. हे बायकांनाच का सांगायचं? कारण घरातलं पातेलं आणि गोळ्यांचा डबा, दोन्ही बहुतेक आपल्याच हातात असतात. शिवाय आजारी बाई असली तर ती आपलं दुखणं सगळ्यात शेवटी सांगते.

आधी पोटाचं डायलिसिस म्हणजे काय ते बघू. आपल्या पोटात आतड्यांवर एक पातळ पडदा असतो. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. पोटात एक मऊ नळी बसवतात आणि तिच्यातून साधारण २ लिटर औषधी पाणी आत सोडतात. ते काही तास पोटात राहतं. रक्तातली घाण आणि जादा पाणी पडद्यातून त्या पाण्यात उतरतं. मग ते पाणी बाहेर काढायचं आणि नवी पिशवी लावायची. दिवसातून ३-४ वेळा, रोज. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये पोपोविच आणि मॉनक्रिफ या दोघांनी १९७६ च्या सुमाराला ही रीत मांडली. आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालयातल्या मशीनपर्यंत जायला लागत नाही, म्हणून लांबच्या गावातल्या माणसाला ती सोयीची पडते. पावसात गाड्या बंद पडल्या तरी पिशवी घरात असते. आपल्या देशात पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला, आणि २०१९ साली पोटाच्या डायलिसिससाठीही त्यात मार्गदर्शक सूचना आल्या.

आता हाडांकडे येऊ. मूत्रपिंडाचा आणि हाडांचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. आपल्या गटाच्या हिशेबातूनच समजून घेऊ.

आपल्या अंगातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. ती आपली बँकेतली ठेव. रक्तात असतं ते अगदी थोडं, ती हातातली रोकड. पण ही थोडी रोकड फार महत्त्वाची, कारण तिच्यावर हृदय चालतं, स्नायू हलतात. रोकड कमी पडली की ठेवीतून काढायची, जास्त झाली की ठेवीत भरायची. हे काम बघायला गळ्यात, थायरॉइडच्या मागे, तांदळाच्या दाण्यासारख्या चार बारीक ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. आपल्या भाषेत त्या खजिनदार. रक्तात कॅल्शियम कमी झालं की त्या एक संप्रेरक सोडतात आणि हाडातून कॅल्शियम बाहेर काढतात. तपासणीच्या कागदावर त्याला 'पीटीएच' असं लिहिलेलं असतं.

मूत्रपिंड या हिशेबात दोन कामं करतं. एक, जादा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकतं. फॉस्फरस म्हणजे दूध, मासे, मटण, डाळ, धान्य सगळ्यांत असलेलं खनिज. दुसरं, उन्हातून आणि अन्नातून मिळालेलं ड जीवनसत्त्व कामाला लावतं. कच्चं ड जीवनसत्त्व मूत्रपिंडात गेलं की पक्कं होतं, आणि ते पक्कं झाल्यावरच आतडी अन्नातलं कॅल्शियम नीट शोषून घेतात.

मूत्रपिंड बंद पडलं की दोन्ही कामं बंद. फॉस्फरस रक्तात साठतो, ड जीवनसत्त्व कच्चंच राहतं, कॅल्शियम घसरतं. मग खजिनदार घाबरते आणि ठेवीतून काढतच सुटते. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं. हाड आतून पोकळ होत जातं. वरून काही दिसत नाही. बाई चालते, बोलते, भाकरी थापते, आणि एक दिवस नुसतं घसरून पडल्यावर खुबा मोडतो.

हा झाला एक प्रकार. पोटाच्या डायलिसिसवाल्यांमध्ये दुसरा प्रकारही बराच दिसतो, आणि तो बरोबर उलटा आहे. रक्तात कॅल्शियम सारखं जास्त येत राहिलं तर खजिनदार झोपी जाते. पीटीएच फार खाली जातं. मग हाडाची झीज थांबते, तशी भरही थांबते. जुनं हाड मोडून नवं बांधायचं रोजचं काम बंद होतं. बँकेची शाखाच बंद पडली म्हणा ना. ना पैसे काढता येत, ना भरता येत. मग बाहेर हिंडणारी ही रोकड जाणार कुठे? ती रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर आणि हृदयाच्या झडपांवर जाऊन बसते. नळाच्या पाइपात क्षार धरतात तशा वाहिन्या कडक होतात. डायलिसिसवरच्या माणसाला हृदयाचा धोका मोठा असतो, त्यामागे हेही एक कारण आहे. वय जास्त असेल किंवा साखरेचा आजार असेल तर हा दुसरा प्रकार अधिक आढळतो.

पोटाच्या डायलिसिसमध्ये कॅल्शियम जास्त कुठून येतं? एक म्हणजे गोळ्यांमधून. दुसरं खुद्द पिशवीतून. पिशवीच्या पाण्यात कॅल्शियम असतं, आणि ते पाणी रात्रंदिवस पोटात असतं. काही पिशव्यांवर कॅल्शियम १.२५ लिहिलेलं असतं, काहींवर १.७५. दुसऱ्या मापात हेच आकडे २.५ आणि ३.५ असे छापलेले असतात. जास्त आकड्याच्या पिशवीतून अंगात कॅल्शियम शिरत राहतं. पिशवीचा रंग साखरेचा जोर सांगतो, कॅल्शियम सांगत नाही. ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं. घरात शिकणारी मुलगी असेल तर तिच्याकडून वाचून घ्या, वहीत लिहा आणि डॉक्टरांना विचारा, "आमच्या रुग्णाला हीच पिशवी बरोबर आहे का?" पिशवी बदलायची की नाही हे त्यांनीच ठरवायचं. कुणाला कमी लागते, कुणाला जास्त लागते.

म्हणजे मैत्रिणींनो, डायलिसिसवर असताना 'हाडं दुखतात, कॅल्शियम द्या' इतकं हे सोपं नाही. एकाचं हाड झिजतंय म्हणून दुखतं, दुसऱ्याचं झोपलंय म्हणून. दुखणं सारखं, औषध उलटं. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

आमच्या ओळखीच्या एका वहिनींचं सांगतो. नाव आणि गाव सांगत नाही. सुकी मासळी विकायचा धंदा, घरी चार पिशव्यांचं डायलिसिस. पहिलं वर्ष बरं गेलं. मग मांड्या भरून यायला लागल्या. पाटावरून उठताना हात टेकायला लागायचे. अंगाला खाज इतकी की रात्री झोप नाही. घरात सगळे म्हणाले, वात आहे. औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, त्या दोन-तीन महिने रोज चालल्या. शेजारणीने सांगितलं म्हणून कॅल्शियमची गोळी सकाळी उपाशीपोटी सुरू झाली. कुणाच्या मोबाइलवर आलं होतं की गव्हाच्या दाण्याएवढा चुना ताकातून घेतला की हाडं लोखंडासारखी होतात. तेही झालं.

मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा फॉस्फरस वर गेलेला, पीटीएच खूपच वर गेलेलं. आणि आणखी एक गोष्ट. डायलिसिस सुरू असूनही त्यांना दिवसाला थोडी लघवी होत होती, ती जवळजवळ थांबली होती.

ही लघवीची गोष्ट नीट लक्षात ठेवा. डायलिसिसवरच्या माणसाला अर्धा लिटर लघवी होत असेल तर ती सोन्यासारखी आहे. तिच्यातून पाणी जातं, फॉस्फरसही जातो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्यांनी हा उरलेला आधारही जाऊ शकतो. हाडाच्या दुखण्यावर घेतलेल्या गोळीने लघवी कमी होते, लघवी कमी झाली की फॉस्फरस वाढतो, फॉस्फरस वाढला की हाड आणखी दुखतं. विहिरीत पडलेला पोहरा काढायला जावं आणि दोरही सोडून बसावं, तसं होतं. म्हणून डायलिसिस करणाऱ्याने दुकानातून दुखण्याची गोळी परस्पर आणायची नाही. दुखतंय तर डॉक्टरांना सांगायचं, चालेल अशी गोळी ते देतात.

त्या वहिनींच्या गोळ्या बदलल्या, चुना बंद झाला, जेवण बदललं. सात-आठ महिन्यांनी त्या पाटावरून आपल्या आपण उठायला लागल्या. खाज पुष्कळ कमी झाली. लघवी मात्र पहिल्यासारखी परत आली नाही.

आता फॉस्फरसचा हिशेब मांडू. रोजच्या साध्या जेवणातून ८०० ते १२०० मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात जातो. त्यातला निम्म्याहून जास्त रक्तात उतरतो. दिवसभराच्या पिशव्या मिळून साधारण ३०० मिलिग्रॅमच्या आसपास बाहेर काढतात. म्हणजे आवक जास्त, जावक कमी. रोज थोडी थोडी शिल्लक साठत जाते. फॉस्फरस पडद्यातून हळू सरकतो, त्याला वेळ लागतो. म्हणून लग्नाला जायचंय, बाजार आहे, कंटाळा आला म्हणून एक पिशवी टाळली की त्याचा भार हाडावरही येतो. पिशवीतल्या औषधाने रक्तातलं आम्लही कमी होतं, आणि आम्ल वाढलं तरी हाडच झिजतं. पिशवी चुकवायची नाही, हा पहिला नियम.

मग जेवण कमी करायचं का? अजिबात नाही. इथेच पोटाच्या डायलिसिसची खरी अडचण आहे. पडद्यातून घाणीबरोबर प्रथिनंही वाहून जातात, दिवसाला साधारण ५ ते १० ग्रॅम, कधी त्याहून जास्त. म्हणून या माणसाला प्रथिनं जास्त लागतात. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. ५० किलोच्या बाईला ५० ते ६० ग्रॅम. आणि प्रथिनं जिथे असतात तिथे फॉस्फरस असतोच. खाल्लं नाही तर अंग खंगतं, सरसकट खाल्लं तर फॉस्फरस वाढतो. म्हणून निवडून खायचं.

सगळ्यात चांगली निवड म्हणजे अंड्याचा पांढरा भाग. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, आणि फॉस्फरस नावापुरता. अंड्यातला जवळजवळ सगळा फॉस्फरस पिवळ्या बलकात असतो. पांढऱ्याची भुर्जी करा, आमटीत सोडा, कांदा-कोथिंबीर घालून पोळा करा. बलक घरातल्या पोरांना द्या, वाया घालवायचा नाही.

आपल्याकडे मासे म्हणजे रोजचं अन्न. ताजा मासा प्रथिनांसाठी चांगला, मापात आणि काटे काढून. पण जवळा, सुकट, मांदेली आपण काट्यासकट, डोक्यासकट खातो. काट्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही. सुक्या मासळीत वरून मीठ, त्याने तहान लागते, पाणी जास्त प्यायलं जातं, सूज येते. म्हणून सुकं मासळीचं कालवण डायलिसिसवाल्याच्या ताटात रोज नको. धंदा करा, तुमच्या ताटात घ्या, पण त्याच्या ताटात नको.

दुधाच्या एका पेल्यात १९० मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो. 'आजारी माणूस आहे, दूध पाजा' ही आपली माया इथे नडते. चहापुरतं दूध, छोटी वाटी दही, असं माप डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ठरवून देतात. खवा, पेढे, चीज, पनीर हे दूध आटवलेले किंवा घट्ट केलेले पदार्थ, त्यांत फॉस्फरसही त्या मानाने जास्त.

डाळ आणि कडधान्यांना मात्र उगाच घाबरू नका. त्यांतला फॉस्फरस अशा रूपात असतो की माणसाच्या आतड्याला तो पुरता सुटा करता येत नाही. बराचसा तसाच बाहेर जातो. एक वाटी वरण बहुतेकांना चालतं.

सगळ्यात वाईट तो कारखान्यात घातलेला फॉस्फरस. गडद रंगाची कोला पेयं, डब्यातलं चीज, गोठवलेले नगेट्स, सॉसेज, काही झटपट पदार्थ. टिकावं, रंग यावा, चव यावी म्हणून त्यांत फॉस्फेट घालतात, आणि ते जवळजवळ सगळंच्या सगळं रक्तात उतरतं. पाकिटावर 'फॉस्फेट' किंवा 'फॉस्फोरिक' असा शब्द दिसला की ते पाकीट परत ठेवायचं. घरच्या तांदळाच्या भाकरीला हा त्रास नाही.

एक सूचना. मशीनचं डायलिसिस करणाऱ्या शेजाऱ्याचा आहाराचा कागद आणून आपल्या माणसाला लावू नका. त्यांना फळं, भाज्या, शहाळं यांवर कडक बंधन असतं, ते पोटॅशियमसाठी. पोटाच्या डायलिसिसवर काही जणांना पोटॅशियम उलट कमी पडतं. ज्याचा त्याचा कागद वेगळा.

आता गोळ्यांकडे. डॉक्टर एक गोळी देतात, ती 'जेवणासोबत' असं सांगतात. ही फॉस्फरस बांधणारी गोळी. कॅल्शियम कार्बोनेट, कॅल्शियम ॲसिटेट, सेवेलामर अशी नावं असतात. ती आतड्यात अन्नातल्या फॉस्फरसला धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. ती अन्नासोबत पोटात गेली तरच तिचा उपयोग. जेवणानंतर दोन तासांनी घेतली तर धरायला काही उरत नाही. आणि कॅल्शियमवाली गोळी उपाशीपोटी घेतली तर तिच्यातलं कॅल्शियम सरळ रक्तात जातं. त्या वहिनींच्या बाबतीत हेच झालं होतं. गोळी फॉस्फरससाठी लिहिलेली आहे की कॅल्शियमसाठी, त्यावर वेळ ठरते, म्हणून विचारून घ्या.

सोपा उपाय: ही गोळी औषधाच्या डब्यात ठेवू नका, मिठाच्या वाटीशेजारी, ताट वाढायच्या जागी ठेवा. पहिल्या दोन-चार घासांबरोबर गोळी. जेवण नाही तर गोळी नाही. शेतावर, बाजारात, लग्नाला जाताना पदराच्या गाठीला किंवा पाकिटात दोन गोळ्या असू द्या. रक्तवाढीची लोहाची गोळी आणि थायरॉइडची गोळी हिच्यासोबत घेऊ नका, एकमेकींना अडवतात. किती अंतर ठेवायचं ते विचारा.

या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. पोटाच्या डायलिसिसमध्ये शौचाला साफ होणं फार गरजेचं, नाहीतर नळीतून पाणी नीट उतरत नाही. पण त्यासाठी मनाने जुलाबाचं औषध किंवा एनिमा घेऊ नका. काही एनिम्यांमध्ये फॉस्फेटच असतं, काही औषधांत मॅग्नेशियम. ॲसिडिटीच्या काही पातळ औषधांत ॲल्युमिनियम असतं, तेही साठून हाडाला आणि मेंदूला त्रास देतं. डॉक्टर चालेल असं औषध लिहून देतात.

ड जीवनसत्त्वाचंही तसंच. दुकानात मिळणारी ६०,००० ची पुडी हे कच्चं ड जीवनसत्त्व. डॉक्टर कधी ती देतात, कधी कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल हे पक्कं रूप देतात. पक्क्या रूपाने पीटीएच उतरतं, पण कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही वाढू शकतात. म्हणून ही गोळी चालू असताना रक्त तपासायलाच लागतं. गेल्या वर्षीचा कागद दाखवून तीच गोळी आणत राहणं धोक्याचं. चुना, शंखभस्म, पाया सूप यांनी हे दुखणं बरं होत नाही. चुना आणि शंखभस्म म्हणजे आणखी कॅल्शियमच.

तपासण्या कोणत्या आणि कधी? कॅल्शियम आणि फॉस्फरस दर १ ते ३ महिन्यांनी. पीटीएच दर ३ ते ६ महिन्यांनी. अल्कलाइन फॉस्फेटेज वर्षातून एकदा तरी, पीटीएच वाढलेलं असेल तर त्याहून जास्त वेळा. निरोगी माणसाचा फॉस्फरस साधारण २.५ ते ४.५ असतो. डायलिसिसवर तो ५.५ च्या वर जाऊ नये असा प्रयत्न असतो. पीटीएच मात्र निरोगी माणसाइतकं खाली आणायचं नसतं. निरोगी माणसाच्या वरच्या मर्यादेच्या दुप्पट ते नऊपट, एवढी मोकळीक डायलिसिसवाल्याला दिलेली असते. त्यामुळे कागदावर आकडा ठळक छापलेला दिसला म्हणून घाबरू नका. एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे डॉक्टर बघतात. म्हणून जुने कागद फेकू नका. एका वहीत तारीख आणि तीन आकडे लिहा: कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच. गटाचं पासबुक लिहिता तसंच.

कधी वाट बघायची नाही, तेही सांगतो. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या, हातपाय वाकडे होऊन पेटके. पडल्यानंतर पाय टेकवता न येणं. डोळे लाल आणि खाज असह्य. मांड्यांवर किंवा पोटावर जांभळट, खूप दुखणारे डाग किंवा जखमा. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि पिशवीतून बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं, पोट दुखलं, तर तेही त्याच दिवशी. ते हाडांचं नाही, पोटातल्या संसर्गाचं लक्षण असतं, पण थांबून चालत नाही.

घरात काय करता येईल? मोरीत आणि ओट्याजवळ पाय घसरणार नाही असं बघा. शेवाळ घासून काढा. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा ठेवा. पोटात २ लिटर पाणी असताना हंडा किंवा तांदळाची गोणी उचलू देऊ नका. हाडालाही धोका आणि हर्निया होण्याचाही. पण पलंगावर बसवूनही ठेवू नका. रोज चालणं हवं, कारण हाड चालण्यानेच जागं राहतं. मिश्री आणि तंबाखू सोडायला मदत करा.

आणि गटाने काय करायचं? आमच्या काही गटांनी चार गोष्टी ठरवल्या आहेत. एक, ज्या घरात डायलिसिस आहे तिथली बाई बैठकीला येऊ शकली नाही तर दंड लावायचा नाही. पिशवीची वेळ आणि बैठकीची वेळ एकच येत असेल तर बैठक अर्धा तास पुढे ढकलायची. दोन, तपासणीसाठी आणि गोळ्यांसाठी अंतर्गत कर्ज लवकर मंजूर करायचं. पीटीएचची तपासणी महाग म्हणून लोक टाळतात, आणि टाळलेली तपासणी खुबा मोडल्यावर कितीतरी महाग पडते. तीन, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन गटातल्या दोघींनी सोबत जायचं आणि आपल्या रुग्णाला नेमकं काय मिळतं, पिशव्या मिळतात का, ते विचारून यायचं. एकटी बाई दोन प्रश्न विचारून परत फिरते, तिघी गेल्या की उत्तर घेऊन येतात. गोळ्या जनऔषधी दुकानात मिळतात का, तेही बघायचं. चार, गटाच्या कार्यक्रमात, हळदीकुंकवात, जेवणावळीत डायलिसिसवालीच्या ताटात वेगळं काय वाढायचं हे आधी ठरवायचं. 'एक दिवस खाल्लं तर काय होतंय' असा आग्रह करायचा नाही.

शेवटी एक गोष्ट मनातली. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका जास्त आणि ते मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. म्हणजे बाई आजारी पडली तर तिला दान मिळायची वाट कमी, आणि डायलिसिसवर तिची वर्षं जास्त जायची शक्यता. जितकी वर्षं डायलिसिस, तितका हाडांवर भार. म्हणून घरातल्या बाईचं फॉस्फरस आणि पीटीएच तपासायला पैसे काढताना 'तिचं काय एवढं' असा विचार कुणी करत असेल, तर त्या घरी गटाने जाऊन बसायला हवं. आम्ही जातो. तुम्हीही जा.

आजचं काम एवढंच: तुमच्या गटात किंवा गल्लीत कुणी पोटाचं डायलिसिस करत असेल, तर या आठवड्यात त्यांच्याकडे जा आणि तीन प्रश्न विचारा. जेवणाची गोळी जेवणासोबत घेता का? पीटीएच शेवटचं कधी तपासलं? दुखण्याची गोळी परस्पर घेता का? उत्तरं वहीत लिहा, आणि पुढच्या तपासणीला जाताना ती वही त्यांच्यासोबत द्या.